अगदी घरच्यासारखा

ता. ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इतक्या वर्षांनी पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि आधी वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. मग आत उघडून पाहिलं तर पहिल्याच ओळीत दोन शब्द खोडलेले. म्हटलं, हा आपलाच. तू बरा आहेस, ट्रान्सपोर्टवाल्यांनी राहायला खोली दिली आहे, वेळेवर जेवतोस, हे वाचून जिवाला बरं वाटलं. वेळेवर जेवतोस यावर मात्र माझा विश्वास नाही.

इकडे सगळी खुशाली. आईचा गुडघा दुखतो तेव्हा सगळ्या गल्लीला कळतं आणि थांबतो तेव्हा ती कुणालाच सांगत नाही, म्हणून नक्की कसा आहे ते सांगता येत नाही. आमचे हे मजेत आहेत. कारखाना बंद पडल्यावर काही दिवस तोंड पाडून बसले होते. आता माझ्याकडेच फोम कापायला बसतात. लोकांना सांगतात, बायकोच्या हाताखाली काम करण्यात एक सुख आहे, घरची आणि कामावरची बोलणी एकाच वेळी उरकतात.

आता मुख्य बातमी. आपल्याला कर्ज मंजूर झालं. आपल्याला म्हणजे मला. पतसंस्थेचं.

मी गाड्यांची सीटकव्हरं शिवते हे तुला ठाऊक आहे. पण घरगुती मशीनवर किती दिवस रेटणार? वरून रेक्झीन, मध्ये फोम, खाली कॅनव्हास, कडेला पुन्हा दुमड. कोपऱ्यावर आलं की सुई मोडलीच. जाड शिलाईचं मशीन भाड्याने आणते ते ज्याचं आहे त्याला हवं तेव्हा तो उचलून नेतो, मग मी अर्धी शिवलेली सीट मांडीवर घेऊन बसते. एका बसवाल्याने त्याच्या सगळ्या गाड्यांचं काम देतो म्हणून सांगितलंय, पण स्वतःचं मशीन असेल तरच. म्हणून अर्ज केला.

ही पतसंस्था कशी आहे ते तुला मी काय सांगणार. कागद सगळे मागतात, पण कागदावर कर्ज देत नाहीत, घर पाहून देतात. समितीतला एकजण न कळवता येतो, तासभर बसतो, काम बघतो, माणसं बघतो आणि बैठकीत जाऊन हो किंवा नाही सांगतो. आमच्याकडे एक वयस्क गृहस्थ आले. बोलणं कमी. शिवलेली सीट उलटी करून शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली. माझा जीव त्या शिवणीत. उसवली नाही. चहा घेतला. घरात कोण कोण वगैरे जे विचारायचं ते विचारलं, आम्ही सांगितलं. आणि बैठकीत मंजूर झालं.

झालं एवढंच.

तू लिहितोस की पुढच्या महिन्यात चार दिवस सुटी मिळते आहे आणि आईला भेटून जावंसं वाटतं. ये ना, नको कोण म्हणतंय. पण दादा, सध्या घरात पाय ठेवायला जागा नाही. फोमचे तुकडे छतापर्यंत गेलेत. मशीन आलं की ते बसवायचं, त्याची वायर वेगळी ओढायची, त्यात बसवाल्याचं काम. तुझ्याकडे धड लक्ष देता येणार नाही. तसा तू परका थोडाच आहेस, पण तरीही. जरा थांबून, घडी बसल्यावर आलास तर निवांत भेटता येईल. आईला मी अजून बोलले नाही. उगाच दाराकडे बघत बसेल.

गैरसमज करून घेऊ नकोस. तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी


ता. २८ मार्च

प्रिय दादा,

तुझं कार्ड आलं. पाकिटात घातलं असतंस तर बरं झालं असतं, पण ते तुला काय माहीत. मी मशीनवर होते. टपाल आईनं घेतलं. उघडं कार्ड, तिनं उभ्याउभ्याच वाचलं. मग आत येऊन ते माझ्यासमोर सीटवर ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या कामगाराचं पत्र आलंय."

असं का म्हणाली ते सांगण्यासाठी हे पत्र. मागच्या पत्रात जे लिहिलं ते खोटं नव्हतं, फोम खरंच छतापर्यंत आहे. पण त्याच्याआड मी काय लपवलं ते आज लिहिते. तू वाचून कार्डासारखं "तुझी अडचण समजली" असं मात्र लिहू नकोस. भांड. ते मला सोसेल.

तुझ्या कर्जाचं मी आजवर तुझ्याशी कधी बोलले नाही. तू मालाची गाडी घेतलीस, तिचं इंजिन बसलं, तू न सांगता निघून गेलास आणि तुझे हप्ते तुझ्या जामीनदाराला भरावे लागले. मी तेव्हा सासरी होते. मला सगळं आईच्या तोंडून, तेही तुकड्यातुकड्यानं कळलं. पतसंस्थेचा एक नियम आहे, तो मला अर्ज करताना काउंटरवरच्या बाईंनी वाचून दाखवला. ज्याच्या जामीनदाराला पदरचं भरावं लागलं, त्याच्या घरात, सख्ख्या भावाबहिणींनाही, पुन्हा कर्ज नाही. मी ऐकून घेतलं आणि सही केली. माझं आडनाव लग्नानंतरचं, घर नव्या वस्तीतलं, आई म्हणजे या गल्लीत फक्त माझी आई. तुझं आणि माझं नातं तिथे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. राहता राहिला भिंतीवरचा फोटो. गाडीला टेकून उभा आहेस तो.

पाहणी त्या आठवड्यात कधीतरी होणार असं कळलं होतं. मी फोटो काढला आणि फोमच्या मागे ठेवला. आईला काही बोलले नाही, तिनंही विचारलं नाही. मला वाटलं, समजली असेल.

ती समजली नव्हती. ते गृहस्थ आले, मी त्यांना शिवण दाखवत होते, आणि आई आत गेली. पाहुणा आलाय, भिंत उघडी कशी दिसते, एवढाच विचार तिनं केला. फोटो शोधला, पदरानं पुसला आणि होता तिथे लावून बाहेर आली. मी मान वर केली तर तू भिंतीवर हसतोयस.

त्यांनी घरात कोण कोण ते विचारलं. मी सांगितलं, आम्ही दोघं आणि माझी आई. या घरातल्या कुणाचा जामीनदार कधी अडकला होता का? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी फोटोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा कोण?"

दादा, मी काहीही सांगू शकले असते. लांबचा चुलतभाऊ म्हणाले असते. मावसभाऊ म्हणाले असते. पण नात्याचा शब्दच तोंडातून काढायची मला भीती वाटली. मी म्हटलं, "हा आमच्याकडे कामाला होता."

कामगाराचा फोटो फ्रेम करून भिंतीवर कोण लावतं? आमचे हे नंतर म्हणाले, खोटं बोलायचं तर निदान घराला साजेसं बोलायचं. पण त्या वेळी तेही कात्री हातात घेऊन जमिनीकडे बघत होते. आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, आता ही कप आपटणार आणि म्हणणार, पोटचा पोर आहे माझा. तसं झालं असतं तर कर्ज गेलं असतं आणि मी तिच्यावर वर्षभर रागावले असते. पण आज मी सुखानं झोपले असते.

तिनं कप त्यांच्या हातात दिला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "हो. अगदी घरच्यासारखा होता. न सांगता गेला."

तेवढं बोलून ती आत गेली. गृहस्थांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. बैठकीत हो म्हणाले. आम्हाला कर्ज मंजूर झालं.

त्या दिवसापासून आई माझ्याशी शेजारणीशी बोलावं तसं बोलते. चहा ठेवलाय. कपडे वाळलेत. गॅस संपत आलाय. फोटो रोज पुसते आणि पुसताना मी समोर असले तर म्हणते, "कामाला होता तो मुलगा बरा होता हो." यात टोमणाही नसतो, हेच वाईट. नियम पाळावा तसा तिनं माझा शब्द पाळला. आपल्या आईचं तुला माहीत आहे, आदळआपट केली की तास-दोन तासांत विसरते. शांत झाली की सुटका नाही.

अजून एक आहे. मंजुरीच्या सह्या करायला गेले तेव्हा काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, तुमचं नशीब थोर, पाहणीला कुलूपवाले आले आणि तरी पास झालात. त्यांच्यासारखा कडक माणूस समितीत नाही. एका गाडीवाल्याला जामीन राहिले, तो पळून गेला, तेव्हापासून ते कुणावर पटकन विश्वास टाकत नाहीत.

मी सही करता करता थांबले. बाई म्हणाल्या, पेन चालत नाही का? मी म्हटलं, चालतंय.

तुझा जामीनदार माझ्या घरात बसून, माझ्या हातची शिवण ताणून, तुझ्या फोटोकडे बघून गेला होता. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, आईनंही नाही. घरी येऊन मी पहिलं काम केलं ते तुला पत्र लिहिण्याचं. त्यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान, बाईंनीच सांगितलं, बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर, अगदी कोपऱ्याला आहे. तू आलास तर तिथूनच येणार. ते तुला बघणार, तू आमच्या दारात शिरणार आणि माझं सगळं उघडं पडणार. तुझ्यावरचा राग म्हणून नाही, तुझ्या काळजीनं नाही, घरात जागा नाही म्हणूनही नाही. माझ्या मशीनसाठी तुला येऊ नकोस म्हटलं. आणि वर लिहिलं, तू परका थोडाच आहेस. ती ओळ आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

राग होता, तेही सांगते. तू गेल्यावर आईचं जे झालं ते मी माहेरी यायचे तेव्हा पाहिलं. लोक दारावर यायचे, ती आत लपायची. मी मनात म्हणायचे, हा असा कसा निघून गेला, तोंड कसं फिरवलं यानं. कुलूपवाल्यांपुढे ते वाक्य बोलताना मला कुठेतरी वाटलंही असेल, भोग म्हणावं आता. पण तू अडचणीत तोंड लपवलंस. मी चांगल्या दिवसांच्या आशेनं तोंड फिरवलं. यात कोण बरं, ते मला सांगता येत नाही. मला तरी मी बरी वाटत नाही.

तर तुझं कार्ड आलं. "तुझी अडचण समजली. मशीन बसलं की कळव. मी येणार होतो हे आईला सांगू नकोस." आईनं ते माझ्यासमोर ठेवलं आणि भाजी निवडायला बसली. मी विचारलं, काय कळवू त्याला? ती मान वर न करता म्हणाली, कामगाराला काय कळवायचं ते मालकिणीनं ठरवावं.

मी मशीन बंद केलं, चपला घातल्या आणि कुलूपवाल्यांच्या दुकानात गेले.

ते किल्ली घासत होते. समोर एक गिऱ्हाईक होतं, म्हणून मी बाजूला उभी राहिले. गिऱ्हाईक गेलं तरी मी टांगलेल्या किल्ल्याच बघत राहिले. त्यांनीच विचारलं, मशीन आलं का? मी म्हटलं, नाही, पैसे सोमवारी मिळायचेत. मग म्हटलं, तो फोटोतला माझा सख्खा भाऊ आहे.

ते किल्लीवर फुंकर मारून म्हणाले, "माहीत आहे. त्याची गाडी याच दुकानासमोर उभी असायची."

मी विचारलं, मग मला विचारलंत कशाला? ते म्हणाले, तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं. मग मंजूर का केलंत? यावर त्यांनी हातातली किल्ली खाली ठेवली.

"तुमच्यासाठी नाही केलं. तुमचं उत्तर ऐकलं तेव्हा मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. मग त्या बोलल्या. पोटच्या मुलाबद्दल असं बोलायची वेळ ज्या बाईवर आली, तिच्या घरातून वर नकारही देऊन उठायचं, हे माझ्याच्यानं झालं नाही."

दादा, मी समजत होते, माझ्या शिवणीवर कर्ज मिळालं. सगळ्या गल्लीला सांगितलं होतं तसं. ते आईच्या त्या एका वाक्यावर मिळालं होतं. तिनं तुला नाकारलं, त्याची किंमत म्हणून मला मशीन. मी तिथे रडले. दुकानात, रस्त्यावरच्या माणसांदेखत. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि समजूत वगैरे काही घातली नाही, त्याबद्दल त्यांचे आभारच.

मी म्हटलं, आता काय करायचं? ते म्हणाले, मी कुणाला काही सांगणार नाही. तुम्हाला सांगायचं असेल तर शनिवारी बैठक आहे, तिथे सांगा. पण तुम्ही सांगितलंत तर मला नियमाप्रमाणे बोलावं लागेल. तेव्हा विचार करून या.

निघताना मी त्यांना विचारलं, तो येणार होता, येऊ देऊ का? त्यावर ते थोडे चिडले. म्हणाले, ते मला काय विचारता, तुमचा भाऊ आहे. मग म्हणाले, "येऊ दे. पण या रस्त्यानं येऊ दे, मागच्या गल्लीनं नको. मी भांडणार आहे त्याच्याशी. मनात ठेवून ठेवून कंटाळलो."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. शनिवारी बैठकीत बोलणार हेही. आमचे हे म्हणाले, बसवाला दुसरीकडे जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. म्हणाले, ठीक आहे, मग भाड्याच्या मशीनवाल्याशी मी गोड बोलून ठेवतो, तुझ्या तोंडानं तो यायचा नाही. आईनं पाय लांब करून गुडघा चोळला आणि विचारलं, मग आता तो कोण?

मी म्हटलं, दादा.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे. त्यांना सांग."

म्हणून परवा जाते आहे. समितीचे सात-आठ जण, काउंटरवरच्या बाई, आणि ज्यांचे अर्ज आहेत ते सगळे बाकावर. त्यांच्यादेखत सांगायचं की मी खोटं बोलले. भरल्या माणसांत आपलं खोटं आपणच उघडं करायचं, यापेक्षा सुई बोटातून गेलेली बरी.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर बैठक होऊन गेलेली असेल. कर्ज राहिलं की गेलं, ते कळल्यावर ठरवू असं करू नकोस. तुला खूश करायला मी हे करत नाही, आणि तू आला नाहीस तरी ते केलेलंच राहील. तुझी सुटी अजून असेल तर ये. बसमधून उतरलास की मोठ्या रस्त्यानं ये, कोपऱ्यावर थांब, ते जे बोलतील ते ऐकून घे, आणि मग घरी ये. दार उघडंच असतं.

आणि यावंसं वाटत नसेल तर तेही लिही. पाकिटात नको, कार्डावरच लिही, म्हणजे आई आधी वाचेल. ती मला जे म्हणेल ते मी ऐकून घेईन.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझी सख्खी बहीण